सांबऱ्याला उतरलात, आता हॉटेल कसं गाठायचं?

बेळगावचं विमानतळ सांबरा गावात आहे, शहरापासून १० ते ११ किलोमीटरवर. अंतर म्हणाल तर काहीच नाही. रस्ता मोकळा असला की अर्ध्या तासाच्या आत गाडी राणी चन्नम्मा चौकात येते. तरीही दर लग्नसराईत कोणी ना कोणी पाहुणा टर्मिनलबाहेर बॅगेवर बसून फोन करतोच, "अहो, इथं एकही गाडी दिसत नाही!"

मुंबईच्या विमानतळावर रात्रंदिवस गाड्यांची रांग असते, कारण विमानंही रात्रंदिवस उतरतात. सांबऱ्याला दिवसभरात मोजकी विमानं. त्या वेळेला रिक्षा-टॅक्सीवाले येऊन थांबतात, भाडं मिळालं की निघून जातात आणि पुढच्या विमानापर्यंत बाहेर शुकशुकाट. त्यामुळे इथं उतरल्यावर गाडी शोधायची नसते, ती विमानात बसायच्या आधीच ठरवून ठेवायची असते. बाकी सगळं त्यानंतरचं.

तिकीट काढण्याआधी

"बेळगावला निघालोय" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर बेळगाव शहरात यायचंच नसतं. कोणाला दांडेलीला काळी नदीत राफ्टिंग करायचं असतं, कोणाला आंबोलीचा पाऊस बघायचा असतो, कोणी सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालेलं असतं, तर कोणाच्या भाचीचं लग्न निपाणीत असतं. या सगळ्यांना सांबरा सोयीचं पडतं असं नाही.

दांडेलीला जायचं असेल तर हुबळीचं विमानतळ आधी बघा. तिथून दांडेली साधारण ७५ किलोमीटर, बेळगावहून ९०च्या आसपास. निपाणीकरांच्या पाहुण्यांनी कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ धरावं, तिथून निपाणी ४० किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्ता सरळ महामार्गाचा. आंबोलीचं म्हणाल तर गोव्यातलं मोपा जवळ पडतं, मात्र तिथून घाट चढून यावा लागतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, बैलहोंगल यांपैकी कुठंही जायचं असेल तर सांबराच बरं.

सांबऱ्याला उतरून यल्लम्माला जाणाऱ्यांनी तर शहरात शिरूच नये. विमानतळासमोरचा रस्ता हाच बागलकोट रस्ता. तो नेसरगी, यरगट्टीकडे जातो आणि यरगट्टीहून सौंदत्तीला वळता येतं. ड्रायव्हरला आधी सांगितलं नसेल तर तो सवयीने गाडी शहराकडे घालतो आणि मग उलटा फेरा पडतो.

तिकिटाच्या ॲपवर 'बेळगाव' टाकून काही निघालं नाही तर 'बेळगावी' टाका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे. विमानतळाचा संकेत आयएक्सजी. इथं इंडिगो आणि स्टार एअर यांची विमानं येतात. वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, तेव्हा मागच्या वर्षी आलेल्या मेहुण्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

पावसाळ्यात येणार असाल तर आणखी एक. जुलै-ऑगस्टमध्ये ढग इतके खाली येतात की कधी विमान उशिरा उतरतं, कधी दुसऱ्याच विमानतळाकडे वळवलं जातं. त्या दिवसांत उतरल्या उतरल्या लग्नाचा मुहूर्त किंवा ऑफिसची मीटिंग ठेवू नये. आदल्या दिवशी या.

गाडी ठरवताना

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हॉटेललाच फोन करणं. बेळगावातल्या बहुतेक मध्यम हॉटेलांच्या काउंटरवर दोन-तीन ओळखीच्या ड्रायव्हरांचे नंबर असतात. मोठी हॉटेलं स्वतःची गाडी पाठवतात, पण पैसे जास्त घेतात. दोन्ही भाव विचारून घ्या. ॲपवरच्या टॅक्सीवर विसंबून राहू नका. शहरात एखादवेळेस मिळेल, सांबऱ्यापर्यंत रिकामी गाडी घेऊन यायला ड्रायव्हर तयार होईलच असं नाही, आणि ऐन वेळी त्याने नकार दिला तर तुम्ही पुन्हा बॅगेवर.

ड्रायव्हरशी फोनवर बोलणं साधारण असं होतं:

"काका, उद्या दुपारी सांबऱ्याला उतरतोय. दोघं आहोत. टिळकवाडीत आरपीडी कॉर्नरजवळ सोडायचं."

"येतो की. लगेज किती हाय?"

"दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी. किती घ्याल?"

तो आकडा सांगतो. इथं लगेच हो म्हणू नका.

"पार्किंग धरून ना?"

"पार्किंग तुमच्याकडं ओ. आणि विमान लेट झालं तर थांबायचं बी बघायला पाहिजे."

हा शेवटचा मुद्दा त्याने स्वतःहून काढला तर माणूस सरळ आहे असं समजा. नाही काढला तर तुम्ही काढा. विमान तासभर लेट झालं तर थांबण्याचे वेगळे पैसे लागणार का, लागणार असतील तर किती, हे फोनवरच ठरू दे. पार्किंगचंही तसंच. गाडीतून उतरताना पन्नास-शंभर रुपयांवरून वाद घालायची वेळ येते ती हे दोन प्रश्न न विचारल्यामुळेच.

बोलणं झालं की त्याच नंबरवर व्हॉट्सॲप टाका. मेसेज एवढाच पुरे: 'उद्या बुधवार, दुपारचं हैदराबादचं विमान. दोघं जण, दोन मोठ्या बॅगा. सांबरा विमानतळ ते आरपीडी कॉर्नर. पार्किंग धरून ठरलेले पैसे अमुक. विमानात बसताना आणि उतरल्यावर फोन करतो.' त्याच्याकडून गाडीचा नंबर आणि गाडीचा रंग मागवा. मराठीत लिहिलेलं बहुतेकांना चालतं. कन्नड ड्रायव्हर असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, मराठी किंवा हिंदी ऐकून कळतंच.

विमानात बसण्याआधी एक फोन नक्की करा. आदल्या रात्री ठरवलेला ड्रायव्हर सकाळी दुसऱ्या भाड्याला धारवाडला गेलेला असू शकतो. गेला असेल तर तो खोटं बोलत नाही, "भाऊला पाठवतो" म्हणतो. मग त्या भावाचा नंबर आणि त्याच्या गाडीचा नंबर मागून घ्या.

विमान उतरल्यावर

टर्मिनल २०१७ साली नवीन झालं, पण लहानच आहे. शिडीवरून उतरून आत, बॅगा घेऊन बाहेर. वाट चुकायला जागाच नाही. पट्ट्यावर बॅग येईपर्यंत ड्रायव्हरला फोन लावा. तो "बाहेरच हाय" म्हणाला तरी नेमका कुठं ते विचारा, कारण बऱ्याचदा तो पार्किंगचे पैसे वाचवायला बाहेरच्या रस्त्याला गाडी लावून चहा घेत असतो. बोलावल्यावर येतो, त्यात गैर काही नाही.

बाहेर पडताच दोघं-तिघं पुढे येतील, "कुठं जायचं साहेब? बेळगाव? चला." तुमची गाडी ठरलेली असेल तर "गाडी आलीये" एवढं पुरतं, इथले लोक मागे लागत नाहीत. ठरलेली नसेल तर मात्र रेंगाळू नका. शहराकडे जाणारं दुसरं कोणी एकटं दिसलं तर विचारा, भाडं वाटून घ्यायला इथं कोणी संकोच करत नाही. पहिल्या दहा मिनिटांत जी गाडी मिळेल तीच. त्यानंतर भाव वाढत नाही, गाडीच नसते.

ही धावपट्टी १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश वायुदलाने बांधली. शेजारी अजूनही भारतीय वायुदलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. वायुदलाच्या फाटकाचे, भिंतींचे, पहारेकऱ्यांचे फोटो काढू नका. पोरांच्या हातात मोबाईल असेल तर त्यांनाही आधीच सांगा.

रिक्षा आणि बस

सामान थोडं असेल तर रिक्षा चालते, पण भाव बसण्याआधी ठरवायचा. बेळगावच्या रिक्षात मीटर नावापुरता. त्यावरून वाद घालून उपयोग नाही, घासाघीस करून उपयोग आहे. परतीचं भाडं मिळत नाही म्हणून रिक्षावाला जास्त मागतो, आणि सांबऱ्याच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. रात्री तो आणखी वाढवून सांगेल. ते देऊन टाका.

बसने यायचं असेल तर बागलकोट रस्त्यावर या. सांबरा, सुळेभावीकडून येणाऱ्या वायव्य कर्नाटक परिवहनच्या बस शहरात येतात. टर्मिनलपासून रस्त्यापर्यंत चालावं लागतं, त्यामुळे चाकाची मोठी बॅग किंवा सोबत वयस्कर माणूस असेल तर हा नाद करू नये. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही. त्यामुळे बसला गर्दी असते, आणि पुण्याहून आलेल्या आत्याला वाटतं आपल्यालाही फुकट. कंडक्टर कर्नाटकच्या पत्त्याचं ओळखपत्र बघतो. ते नसेल तर तिकीट काढायचं.

पत्ता सांगायची पद्धत

बेळगावात हॉटेलचं नाव सांगून ड्रायव्हरला कळेलच असं नाही. चौक सांगा. आणि इथं गोम अशी आहे की कित्येक चौकांना दोन-दोन नावं आहेत. बोगारवेस म्हणजेच धर्मवीर संभाजी चौक. गोवावेस म्हणजेच बसवेश्वर सर्कल. मॅपवर एक असतं, हॉटेलच्या कार्डावर दुसरं, आणि पाट्या बऱ्याचशा कन्नडमध्ये. म्हणून बुकिंग करताना हॉटेलवाल्यालाच विचारा, "रिक्षावाल्याला काय सांगू?" तो जे सांगेल ते जसंच्या तसं लिहून ठेवा.

नवख्यांसाठी ढोबळ नकाशा असा. सांबऱ्याकडून येताना मुतगा, निलजी, बसवण कुडची या गावांच्या बाजूने रस्ता गांधीनगरला महामार्गाजवळ येतो. पुढे किल्ला आणि मध्यवर्ती बसस्थानक, मग चन्नम्मा चौक. पी. बी. रोड, किल्ल्याच्या आसपास किंवा बसस्थानकाजवळ हॉटेल असेल तर तुम्ही लवकर सुटलात. कॉलेज रोड, क्लब रोड, खडेबाजारकडे जायचं तर चन्नम्मा चौकातली गर्दी पार करावी लागते. गणपत गल्ली, मारुती गल्लीच्या बाजूला संध्याकाळी गाडी आत नेण्याचा हट्ट धरू नका. ड्रायव्हर कोपऱ्यावर सोडतो म्हणाला तर उतरा, चालत लवकर पोचाल. टिळकवाडीत हॉटेल असेल तर दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे की पलीकडे हे विचारून घ्या. गेट पडलेलं असलं की ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि तंबाखू मळायला घेतो.

भाषेची काळजी करू नका. बहुतेक ड्रायव्हर मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही बोलतात, एका वाक्यातही. तरी खेड्याच्या बाजूला एखादा फक्त कन्नड बोलणारा भेटला तर "येष्टु आगतद री?" म्हणजे किती होतील, एवढं आलं तरी निभावतं. त्यातला 'री' विसरू नका, तो मानाचा.

रिसॉर्ट जंगलात असेल तर

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला किंवा आंबोलीकडच्या रिसॉर्टला जाणाऱ्यांनी पहिल्यांदा घड्याळ बघावं. दुपारी उशिरा विमान उतरत असेल तर ती रात्र बेळगावात काढा आणि सकाळी निघा. आंबोली बेळगावहून ७० किलोमीटरच्या आत आहे, चोर्लाही फार लांब नाही. पण पावसाळ्यात घाटात धुकं असं दाटतं की समोरच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसतो. ऊस हंगामात वेगळी भानगड. नोव्हेंबरपासून उसाचे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, मागे दिवा असेलच याची खात्री नाही. इथला मुरलेला ड्रायव्हरसुद्धा रात्री त्यांच्या मागून जायला नाखूष असतो.

जंगलाच्या पट्ट्यात मोबाईलला रेंज जाते-येते. रिसॉर्टचं लोकेशन शहरात असतानाच उघडून मॅप डाउनलोड करून ठेवा आणि मुख्य रस्ता सोडून कुठं वळायचं ते रिसॉर्टवाल्याकडून तोंडी ऐकून घ्या. 'अमुक फाट्यापासून डावीकडे, कमानीतून आत' हे मॅपच्या निळ्या ठिपक्यापेक्षा कामाचं. शेवटचा कच्चा रस्ता किती आहे तेही विचारा. छोटी गाडी खाली घासणार असेल तर ड्रायव्हर फाट्यावरच सोडेन म्हणेल.

आंबोलीला जाताना शिनोळीजवळ कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. म्हणून गाडी पिवळ्या पाटीची आणि दुसऱ्या राज्यात चालणाऱ्या परमिटची आहे ना, हे ठरवतानाच विचारा. कोणी पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीतून स्वस्तात नेतो म्हणाला तर नको म्हणा. वाटेत अडवलं तर तो दंड भरून मोकळा होईल, तुमचा दिवस जाईल. डिझेलचं सोपं आहे, टाकी कुठं भरायची ते ड्रायव्हर स्वतःच बघतो.

गोव्यात उतरून येणार असाल तर

कित्येकांना गोव्याचं तिकीट स्वस्त पडतं म्हणून ते तिथं उतरतात. तिकिटावर दाबोळी आहे की मोपा हे दोनदा वाचा. दोन्ही विमानतळांत ६० किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि चुकीच्या ठिकाणी गाडी उभी राहिली तर तुमचं आणि ड्रायव्हरचं, दोघांचंही डोकं फिरेल. बेळगावला मोपा बरं. पेडण्यातलं हे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झालं. तिथून आंबोली घाटाने बेळगाव सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तीन-साडेतीन तास धरा.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवा माइल्सचं ॲप आहे आणि विमानतळावर टॅक्सीचे काउंटर आहेत. गोव्याच्या टॅक्सीने थेट बेळगावला येणं महाग पडतं, कारण परतीचंही भाडं धरतात. पैसे वाचवायचे असतील तर कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने मोपाहून पणजीला या आणि तिथून बेळगावची बस धरा. चोर्ला घाटाने येणाऱ्या कदंबच्या आणि कर्नाटकच्या बस मिळतात. चौघं असाल तर बेळगावचीच टॅक्सी बोलावलेली परवडते. फक्त बाहेरच्या गाडीने विमानतळावरून माणसं नेण्यावरून तिथल्या टॅक्सीवाल्यांशी कुरबूर होऊ शकते, त्यामुळे बुकिंगचा मेसेज हाताशी ठेवा आणि गाडी पार्किंगमध्ये लावायला सांगा.

आणि डिकीत दारूच्या बाटल्या भरू नका. चोर्ला-कणकुंबीच्या बाजूलाही नाका आहे, आंबोलीच्या बाजूलाही. सापडलं तर गाडी अडकते ती गरीब ड्रायव्हरची.

या दिवसांत जरा जपून

डिसेंबरमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं. मंत्री, आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार, मोर्चे, सगळं बेंगळूर इकडे येतं. हॉटेलच्या खोल्या सरकार आधीच अडवून ठेवतं, टॅक्सीही तिकडेच लागलेल्या असतात. त्या दोन आठवड्यांत यायचंच असेल तर खोली आणि गाडी महिनाभर आधी पक्की करा.

१ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते आणि दुसरीकडे मराठी भाषकांची काळ्या दिनाची निषेध फेरी. चन्नम्मा चौकाच्या भोवतालचे रस्ते बंद होतात. सीमाप्रश्न तापला की महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या बसही सीमेवरच्या कोगनोळी किंवा शिनोळीला थांबवल्या जातात, तेव्हा निघण्याआधी एकदा स्थानिक बातम्या बघाव्यात. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते आणि अनंत चतुर्दशीचं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत. ते बघायला येत असाल तर दुपारीच हॉटेलात पोचा, कारण संध्याकाळनंतर शहराच्या मध्यात गाडी येणार नाही.

परतीचं

येतानाचा ड्रायव्हर बरा वाटला तर उतरतानाच परतीची तारीख सांगून टाका. सकाळच्या विमानासाठी रात्री गाडी शोधणं त्रासाचं होतं. इंडिगोचं काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं. विमानतळ लहान म्हणून लोक शेवटच्या क्षणी येतात आणि अडकतात. शहरातून दोन तास आधी निघालात की मधे गेट पडलं, ट्रॅक्टर आडवा आला तरी वेळ पुरतो. इथली मिठाई कुंदा बॅगेत कुठंही चालते. मांडे घेतले असतील तर डबा हातात ठेवा. खाली द्यायच्या बॅगेत घातले तर घरी फक्त चुरा पोचतो.